बाळसं काही डब्यात मिळत नाही!

जव्हार-मोखाडा म्हटलं की आपल्याला आठवतं ते कुपोषण. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालकं दगावली आणि हा भाग राज्यभर माहीत झाला. तेव्हा तो ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघरमध्ये आहे. परवा मोखाड्याकडच्या एका छोट्या दुकानात मात्र वेगळंच दिसलं. बिस्किटांच्या पुड्यांशेजारी ताकदीच्या पावडरीचे डबे! दीड वर्षाचं किरकोळ पोर कडेवर घेतलेल्या एका बाईने मला विचारलं, "ताई, महाग हाय, पण यानं पोर भरंल ना?" डबा घेतला असता तर तिची दोन दिवसांची मजुरी त्यात गेली असती.

मी डबा फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. यात दुसऱ्याच नंबरावर साखर! पण हे त्या बाईला कसं कळावं? लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असलं की कायद्याला पुरतं, मराठीची सक्ती नाही.

कायदा नाही असं नाही हं! अन्न सुरक्षा कायदा २००६ चा. हेल्थ सप्लिमेंटसाठीचे वेगळे नियम २०१८ पासून लागू झाले. अशा डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं लिहावं लागतं, आजार बरा करण्याचा दावा करता येत नाही. २०२४ मध्ये तर 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच कायद्यात नाही, असं सांगून ऑनलाइन विक्रेत्यांना तो शब्द काढायला लावला. पण घाटातल्या दुकानाच्या फळीपर्यंत हे कोण पोचवणार?

खरा धोका पैशांपेक्षा मोठा आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण. त्याला उपचार हवेत. डबा संपेपर्यंत वाट बघण्यात मोलाचे दिवस जातात. म्हणून त्या बाईला म्हटलं, "आधी अंगणवाडीत जाऊन दंड मोजून घे. ताई सांगतील तर लगेच दवाखान्यात ने."

आणि ताकद हवी तर ती घरात आहेच की! शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. नाचणीची पेज, उडदाचं वरण, वर चमचाभर तेल. २०१५ मध्ये सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं गरम जेवण, मुलांना अंडी-केळी ठरलेली आहेत. ती हक्काने मागायची.

मैत्रिणींनो, तुमच्या बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एक डबा मध्ये ठेवा आणि मागची अक्षरं मोठ्याने वाचा. परवान्याचा चौदा आकडी नंबर नसेल, आजार बरा करायचा दावा असेल, तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. एकटीची तक्रार फाइलमध्ये पडून राहील, दहाजणींची राहत नाही. आणि लेबलं मराठीत हवीत, हेही त्याच कागदावर लिहा. जिच्या कष्टाचा पैसा, तिला वाचता तर यायला हवं!