चिठ्ठी

मोताळ्यातल्या एका शाळेत वर्गाचे बाक आज भिंतीला लागलेत. पोरांनी त्यांवर घरच्या चादरी अंथरल्यात आणि दारावर पुठ्ठा टांगलाय : ‘आपले संग्रहालय. हात लावू नये.’ आत जातं, पायली, कंदील आणि मोटेचं जेवढं उरलंय तेवढं : एक गंजलेलं कडं, त्याला धरून राहिलेलं, वाळून लाकडासारखं झालेलं चामडं. मोट आणणाऱ्या पोराने ती चालताना कधी पाहिलेली नाही. तरी येणाऱ्या प्रत्येकाला तो नाडा कसा ओढत, बैल उताराला कसे लागत, ते दाखवतोय. आजोबांचे हातवारे त्याच्या अंगात आलेत.

शेवटच्या बाकावर लाल फेटिया पसरलाय. घेरावर नखाएवढे आरसे, काठाला कवड्या. पुढ्यात चिठ्ठी : ‘बंजारा लोकांचा पोशाख’. तो आणणारी तांड्यावरची मुलगी चिठ्ठी वाचते, पुन्हा वाचते.

“सर, लोकायचा कायले? माह्या आजीचा हाय हा.”

सर क्षणभर थांबतात आणि खिशातला पेन तिच्या हाती देतात. ती ‘बंजारा लोकांचा’ खोडते, ‘माझ्या आजीचा’ लिहिते. मग विचार करून पुढे बारीक अक्षरात ‘बंजारा’ घालते.

मी तिथेच उभा राहतो. दारावर ‘आपले’ लिहायचं आणि आत एकीच्या आजीला ‘लोक’ करायचं, हे सरांच्या ध्यानातही आलं नव्हतं. मोठ्या दालनांतही असंच होतं. देश म्हणजे कोण कोण, हे पोरं वस्तूंखालच्या दोन ओळींतून शिकतात, आणि त्या ओळी फार चिवट असतात. जुलै २०२४ मध्ये लंडनहून साताऱ्याच्या संग्रहालयात वाघनखं आली. साताऱ्यात रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफच्या घराण्याकडून ती व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेलेली. त्यांच्या पेटीवर इंग्रजी मजकूर आहे, त्यात शिवाजी महाराजांनी मारलेला सरदार मोगलांचा म्हटलाय. अफजलखान विजापूरच्या आदिलशाहीचा, हे या वर्गातलं कुठलंही पोर झोपेतून उठवलं तरी सांगेल. महाराजांनी वापरली ती हीच, याची खात्री देता येत नाही, असं लंडनचं ते संग्रहालय स्वतःच सांगतं. पेटीवरची अक्षरं मात्र होती तशीच आहेत. ती लिहिताना आपल्यातलं कोणी शेजारी उभं नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

चारच्या सुमारास मुलीची आजी येते. पुठ्ठा तिला वाचता येत नाही. ती सरळ फेटियाला हात घालते, एक सैल झालेला आरसा अंगठ्याने चाचपते. कोणी अडवत नाही. नात अभिमानाने चिठ्ठी वाचून दाखवते.

“माह्या नाही,” आजी म्हणते. “सासूचा हाय. आरसे म्या लावले.”

चिठ्ठीवर आता जागा उरलेली नाही. सर वहीचं कोरं पान फाडून देतात. मुलगी बाकाच्या कडेला बसते आणि विचारते, “तुह्या सासूचं नाव काय होतं?”