पिल्लू असं का जन्मलं?

रानातली कामे आटोपली, जेवणे झाली, की आमच्या रात्रीच्या वर्गाला मंडळी जमतात. एका रात्री एक धनगरदादा उशिरा आले. पुस्तक उघडलेच नाही. कोपऱ्यात गप्प बसून राहिले. आम्ही विचारले, "का हो दादा, बरं नाही का?"

दादा म्हणाले, "आमची कुत्री व्याली. सहा पिल्लं झाली. पाच चांगली आहेत. एकाचं मात्र काही खरं नव्हतं. आईला लुचायचं, आणि दूध नाकातून बाहेर यायचं. चौथ्या दिवशी मेलं. तोंड उघडून पाहिलं, तर टाळूला उभी फट."

"मग?"

"मग काय! आमची म्हातारी म्हणते, कुत्री गाभण असताना गिराण लागलं, त्याची ही खूण. तेही एक वेळ चाललं असतं. पण सूनबाईला तिसरा महिना आहे. म्हातारी म्हणते, गिराणाच्या दिवशी सूनही विळीवर भाजी चिरत होती. आता सगळं घर तिच्याकडंच बघतंय. पोरगी दोन दिस धड जेवली नाही."

वर्ग शांत झाला. मेले होते एक पिल्लू, पण जेवण तुटले होते एका पोटुशी बाईचे. म्हणून त्या रात्री आम्ही नेहमीचा धडा बाजूला ठेवला आणि याच गोष्टीवर बोललो. तेच येथे लिहिले आहे.

टाळू कशी जुळते?

जिभेने आपली टाळू चाचपून पाहा. मधोमध एक बारीक रेघ लागेल. आईच्या पोटात आपली टाळू एकसंध नसते. ती दोन बाजूंनी वाढत येते आणि मध्ये जुळते. ही रेघ म्हणजे त्या जोडाची खूण.

कुत्र्याच्या पिल्लाचेही तसेच. जोड पुरा झाला नाही, की फट राहते. मग तोंडातले दूध नाकात जाते. काही दूध श्वासाबरोबर फुप्फुसात उतरते. पिल्लाला न्यूमोनिया होतो. पोटही भरत नाही. असे पिल्लू बहुधा दगावते.

कुत्री सुमारे ६३ दिवस गाभण असते. त्यातला साधारण तिसरा, चौथा आणि पाचवा आठवडा फार नाजूक. याच दिवसांत डोके, डोळे, टाळू, पाय, आतडी यांची घडण होते. घर बांधताना पाया चुकला, तर वरच्या भिंतीने तो सुधारत नाही. तसेच हे आहे.

आता ग्रहणाचे बघू. ग्रहण म्हणजे सावली. ती एका कुत्रीपुरती पडत नाही. ते ग्रहण साऱ्या मुलखाने पाहिले. त्या दिवशी किती शेळ्या, किती गाई, किती कुत्र्या गाभण असतील! त्या साऱ्यांची पिल्ले फाटक्या टाळूची झाली का? नाही. लांब कशाला जा? त्याच कुत्रीच्या पोटात आणखी पाच भावंडे होती. त्यांना काहीच झाले नाही. म्हणजे कारण आभाळात नाही. ते खाली शोधले पाहिजे.

पहिले कारण : रक्ताचे नाते

प्रत्येक जीवाला अर्धा वाटा आईकडून मिळतो आणि अर्धा बापाकडून. दोघांकडून जणू एकेक वही येते. शरीर कसे घडवायचे, ते दोन्ही वह्यांत लिहिलेले असते. एका वहीत एखादी ओळ चुकली, तर दुसऱ्या वहीतली बरोबर ओळ उपयोगी पडते. म्हणून बहुतेक चुका झाकून राहतात.

पण आई आणि बाप एकाच रक्ताचे असले तर? मग दोन्ही वह्या एकाच जुन्या वहीवरून उतरलेल्या असतात. एकीत जी चूक, तीच दुसरीतही असू शकते. दोन्हीकडे चूक आली, की काम बिघडते. ती सगळ्याच पिल्लांच्या वाट्याला येत नाही. सहातल्या एकाच्याच येते. बाकीची पाच धडधाकट कशी, याचे हे एक उत्तर आहे.

काही हौशी लोक शिकारी कुत्र्यांची जात शुद्ध राहावी म्हणून भाऊ-बहीण, बाप-लेक अशा जोड्या लावतात. जात राहते, पण झाकलेले दोष उघडे पडतात. टाळूची फट, बेंबीपाशी आतडे उतरणे, डोक्यात पाणी साचणे, बहिरेपणा, असे दोष कितीतरी वेळा रक्तातून येतात.

आम्ही दादांना विचारले, "नर कोणता होता?" दादा म्हणाले, "दुसरा कोण असणार? तिच्याच मागच्या वेतातला. वाड्यावर तो एकच नर आहे." सगळे एकमेकांकडे बघू लागले.

दुसरे कारण : खाणे

अमेरिकेत टेक्सास म्हणून एक मोठा मुलूख आहे. तेथे फ्रेड हेल नावाचे एक संशोधक होते. त्यांनी एका डुकरिणीला 'अ' जीवनसत्त्व नसलेले खाणे दिले. तिला ११ पिल्ले झाली. एकालाही डोळ्यांची बुबुळे तर नाहीतच, डोळाच नव्हता. ही हकिकत १९३३ साली छापून आली. रक्तात दोष असेल, असे कोणीही म्हणाले असते. पण पुढे माद्यांना पुरेसे खाणे मिळाले, तेव्हा डोळस पिल्ले झाली. खोट खाण्यात होती.

मात्र एक ध्यानात ठेवा. हेच जीवनसत्त्व फार झाले, तरी गर्भाची टाळू बिघडते. रोज नुसते काळीज खाऊ घालणे किंवा मनाने शक्तीची औषधे पाजणे बरे नव्हे. गाभण कुत्रीला नुसत्या भाकरी-पाण्यावर ठेवू नये. भाकरीबरोबर अंडे, थोडे मांस, डाळ, दूध असे मिळेल ते द्यावे. कशाचाच अतिरेक नको.

तिसरे कारण : औषध आणि विष

१९५७ साली जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचे एक औषध विकायला आले. गुंगीचे औषध. पोटुशी बायकांची मळमळही त्याने थांबे. पुढे कितीतरी देशांत ते खपले. मग हात-पाय आखूड असलेली, काही तर हात-पायच नसलेली मुले जन्मू लागली. अशी सुमारे १० हजार मुले झाली. १९६१ साली जर्मनीत ते औषध बाजारातून काढून घेतले. मळमळ थांबवणारी गोळी आईला चालली, पण पोटातल्या बाळाला चालली नाही.

वनस्पतीही असे करते. अमेरिकेतल्या आयडाहो भागात मेंढ्यांना कपाळाच्या मधोमध एकच डोळा असलेली कोकरे होत. मेंढपाळ हैराण झाले. शोध केला, तेव्हा डोंगरावरची एक रानवनस्पती सापडली. मेंढीने ती गाभण राहिल्यावर १४ व्या दिवसाच्या सुमारास खाल्ली, तर असे कोकरू होई. नंतर खाल्ली, तर एकच डोळा होत नसे. दिवस किती महत्त्वाचा, ते यावरून कळते.

कुत्रीचेही असेच. गजकर्णावरची काही औषधे, सूज आणि खाज उतरवणारी स्टिरॉइड औषधे गाभण कुत्रीला दिली, तर पिल्लांत दोष येऊ शकतात. माणसाच्या उरलेल्या गोळ्या तिला कधीही घालू नयेत. पिकावर फवारायचे औषध गोचिडांसाठी तिच्या अंगाला चोळू नये. ते तिच्याही जिवावर बेतते.

आजारानेही पिल्ले बिघडतात किंवा पोटातच मरतात. म्हणून कुत्री गाभण राहण्याआधीच लसी टोचून घ्याव्यात. गाभण असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय लस टोचू नये.

मग नेमके कारण कोणते?

दादांनी हेच विचारले. खरे सांगायचे, तर पुष्कळदा डॉक्टरांनाही नेमके कारण सापडत नाही. दोन-तीन कारणे एकत्रही येतात. दादांच्या कुत्रीच्या बाबतीत रक्ताच्या नात्याचा संशय मोठा. पण शपथेवर सांगता येणार नाही. मात्र पुढच्या वेताला काय टाळायचे, ते नक्की सांगता येते.

१. आई-मुलगा, बाप-लेक, भाऊ-बहीण यांना एकत्र येऊ देऊ नये. कुत्री माजावर आली, की बांधून किंवा कोंडून ठेवावी.
२. दोषी पिल्लू झाले, तर तीच जोडी पुन्हा लावू नये. पिल्ले नकोच असतील, तर जनावरांच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया करून घ्यावी.
३. आता आपल्याला लिहिता येते. माजाची तारीख, नर कोणता, कोणते औषध दिले, किती पिल्ले झाली, हे वहीत लिहून ठेवावे. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.
४. पिल्लू जन्मले, की त्याचे तोंड उघडून टाळू पाहावी. शेपटीखाली शीची जागा आहे का, तेही पाहावे. दोष दिसला, तर लगेच डॉक्टरांकडे न्यावे. टाळूची फट असली, तर नळीने दूध पाजून पिल्लू वाढवता येते. पुढे शस्त्रक्रियाही करता येते. पण ते फार कष्टाचे काम आहे.
५. दोन-तीन आठवड्यांचे पिल्लू बेडकासारखे पाय फाकून सरपटत असेल, तर टाकून देऊ नये. गुळगुळीत फरशीवरून उचलून खरखरीत गोणपाटावर ठेवावे. पाय रोज हलक्या हाताने चोळावेत. अशी बरीच पिल्ले उभी राहतात.

सूनबाईचे काय?

विळीवर भाजी चिरल्याने बाळाचा ओठ किंवा टाळू फाटत नाही. पण उपाशी राहिल्याने, झुरल्याने आईचे आणि बाळाचे नुकसान होते. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे अवयव घडतात. म्हणून या दिवसांत पोटभर जेवावे. सरकारी दवाखान्यात नाव नोंदवावे. तेथे फॉलिक ॲसिडच्या गोळ्या फुकट मिळतात. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा नीट घडायला त्यांची मदत होते. दिवस राहण्याआधीपासून घेतल्या, तर अधिक चांगले. दुसरी कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. तंबाखू, मिश्री, दारू यांना हात लावू नये.

आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. अशा घरांत बहुतेक मुले चांगलीच होतात. पण वह्यांची गोष्ट येथेही लागू आहे. धोका थोडा वाढतो, एवढे माहीत असावे.

आणि एखादे बाळ फाटक्या ओठाचे झालेच, तर आईला बोल लावू नये. आज शस्त्रक्रियेने ओठही जुळतो, टाळूही जुळते. दोष बाळाच्या अंगात असतो. तो आईचा गुन्हा नसतो.

दादांनी हे सगळे आपल्या वहीत उतरून घेतले. घरी जाऊन म्हातारीला वाचून दाखवले. दुसऱ्या रात्री आम्ही विचारले, "काय म्हणाल्या आजी? पटलं का?"

दादा हसले. "म्हणाली, गिराणाचं मला ठाऊक नाही. पण पोरीला आधी जेवायला वाढा. अन् त्या बोक्यासारख्या माजलेल्या नराला बांधून घाला!"

वाचा आणि सांगा

१. पिल्लाच्या नाकातून दूध का येत होते?
२. एकाच वेतातली पाच पिल्ले चांगली आणि एकच दोषी, असे का होते?
३. गाभण कुत्रीला माणसाच्या उरलेल्या गोळ्या का घालू नयेत?
४. तुमच्या घरी पोटुशी बाई असेल, तर तुम्ही काय कराल?