आईच्या रकान्यातलं नाव

१९७८ साली होबार्टच्या महापौरांनी आपल्या गावच्या लेकीसाठी स्वागत समारंभ ठेवला. होबार्ट म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला असलेल्या टास्मानिया बेटाची राजधानी, आणि लेक म्हणजे हॉलिवूडची तारका मर्ल ओबेरॉन. ‘वुदरिंग हाइट्स’मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिएसमोर कॅथी रंगवणारी, १९३५ च्या ‘द डार्क एंजल’साठी ऑस्करचं नामांकन मिळवणारी. तिचा जन्म होबार्टचा आणि जन्माची नोंद आगीत जळून गेली, ही कथा जगाला वर्षानुवर्षं तोंडपाठ होती. समारंभाच्या तोंडावर महापौरांच्या कानावर आलं, की असा जन्म झाल्याचा काहीच पुरावा नाही. पण निमंत्रणं गेलेली, माघार घेणार कशी? ओबेरॉन आल्या, आणि आपण इथे जन्मलो नाही, असं त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. मग प्रकृतीचं कारण देऊन त्या निघून गेल्या. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचं निधन झालं.

मग जन्म कुठला? मुंबईचा. १९ फेब्रुवारी १९११. नाव एस्टेल मर्ल थॉमसन. त्याच वर्षाच्या अखेरीस पंचम जॉर्ज आणि राणी मेरी भारतात आले होते. त्या राणीवरून घरात तिला ‘क्वीनी’ म्हणत. वडील आर्थर थॉमसन इंग्लंडातल्या डार्लिंग्टनचे, इथे रेल्वेत इंजिनियर. पहिल्या महायुद्धात सैन्यात गेले आणि आघाडीवर न्यूमोनियाने वारले. आई शार्लट सेल्बी सिलोनची, मिश्र वंशाची. १९१७ मध्ये मायलेकी कलकत्त्याला गेल्या. तिथल्या ला मार्टिनिएर शाळेत क्वीनीला शिष्यवृत्ती मिळाली, पण रंगावरून आणि रक्तावरून मुलींनी इतकं छळलं की तिने शाळाच सोडली.

१९२० च्या दशकाच्या शेवटी ती युरोपला पोचली. अलेक्झांडर कोर्डा या निर्मात्याने तिला मर्ल ओबेरॉन केलं आणि १९३३ च्या ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’मध्ये अ‍ॅन बोलिनची भूमिका दिली. नव्या नावासोबत नवं जन्मगावही दिलं गेलं. टास्मानिया सोयीचं होतं: ब्रिटिश साम्राज्यातलं, गोऱ्यांचं आणि इतकं लांबचं, की चौकशीला कोण जातंय!

या खोटेपणाबद्दल तिला दोष देणं मला जमत नाही. त्या काळची अमेरिका आठवून पाहा. १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना दार बंद केलेलं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस नागरिकत्वापुरता ‘गोरा’ धरता येणार नाही, असा निकाल दिलेला. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, तेही वर्षाला १०० माणसांपुरतं. सिनेमाच्या आचारसंहितेत गोऱ्या आणि काळ्या वंशांच्या स्त्रीपुरुषांचे संबंध दाखवायला मनाई. मुंबईचा जन्म उघड झाला असता, तर कॅथी तिच्या वाट्याला कधीच आली नसती.

पण या गुपिताची किंमत शार्लटने मोजली. लंडनमध्ये ती लेकीबरोबरच राहायची, मात्र पाहुण्यांसमोर तिची ओळख मोलकरीण म्हणून करून दिली जाई, असं चरित्रकार लिहितात. १९३७ मध्ये ती गेली. पुढे १९४९ मध्ये मर्लने जुन्या फोटोवरून तिचं चित्र काढून घेतलं. चित्रातल्या शार्लटची कातडी उजळ करवून घेतली. ते चित्र मर्लच्या प्रत्येक घरात शेवटपर्यंत भिंतीवर होतं. नकार आणि माया दोन्ही एकाच चौकटीत असल्याचं इतकं उघडं उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही.

मर्लच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १९८३ मध्ये, चार्ल्स हायम आणि रॉय मोझली यांनी ‘प्रिन्सेस मर्ल’ हे चरित्र प्रसिद्ध केलं. टास्मानियाची कथा कोसळली, मुंबईचा जन्म छापून आला. शोध संपला असंच सगळ्यांना वाटलं. तो अर्धाच होता.

उरलेला अर्धा कॅनडात होता. शार्लटला मर्लच्या आधीची एक मुलगी होती, कॉन्स्टन्स. मर्लची थोरली सावत्र बहीण म्हणून घरात तिची ओळख. कॉन्स्टन्सने पुढे सोअरिस नावाच्या गृहस्थांशी लग्न केलं, तिला चार मुलं झाली. त्यांतला एक मुलगा टोरांटोला स्थायिक झाला. त्याच्या लेखी पडद्यावरची ती तारका म्हणजे त्याची मावशी. या मावशीचा जन्मदाखला त्याने मुंबईच्या सरकारी दफ्तरातून शोधून काढला. वडिलांच्या रकान्यात आर्थर थॉमसन होता, त्यात नवल नव्हतं. आईच्या रकान्यात मात्र शार्लट नव्हती. तिथे कॉन्स्टन्स होती. त्याची स्वतःची आई.

म्हणजे मावशी मावशी नव्हती. एकाच आईच्या पोटची बहीण होती. आणि जिला मर्ल जगापासून लपवत होती, ती तिची आई नसून आजी होती.

मर्लच्या जन्माच्या वेळी कॉन्स्टन्स जेमतेम बारा-चौदा वर्षांची होती, आणि थॉमसन तिच्या आईचा जोडीदार. आजचा कायदा याला बलात्कारच म्हणेल. खुद्द शार्लटही अशीच कोवळ्या वयात, चहाच्या मळ्यावरच्या एका गोऱ्या मुकादमाच्या अत्याचारातून आई झाली होती. तिने नातीला पोटची लेक म्हणून वाढवलं आणि मुलीची अब्रू सांभाळली. त्यासाठी गप्प बसावं लागलं, आणि ती मरेपर्यंत गप्प बसली. मर्लला यातलं किती ठाऊक होतं, हे कुठलाही कागद सांगत नाही.

भाऊ तिला भेटायला लॉस एंजेलिसला गेला. तिने भेट नाकारली. त्यानेही तोंड उघडलं नाही. चरित्रकार हायम यांनाही त्याने दाखल्याविषयी काही सांगितलं नाही. शेवटी ऑस्ट्रेलियन दिग्दर्शिका मारी डेलोफ्स्की यांच्यापाशी त्याने मन मोकळं केलं, आणि २००२ च्या ‘द ट्रबल विथ मर्ल’ या त्यांच्या माहितीपटातून हे जगापुढे आलं. गंमत म्हणजे त्याच माहितीपटात टास्मानियातली माणसंही भेटतात. मर्ल आमचीच, इथल्या हॉटेलात काम करणाऱ्या चिनी वंशाच्या एका बाईची मुलगी, असं ती ठामपणे सांगतात. कोर्डाच्या गोटातून निघालेल्या गोष्टीला गावाने स्वतःची आई जोडून दिली होती! लोकांच्या आठवणी खोट्या म्हणून झटकू नयेत, पण त्यांची गाठ कागदाशी घालावीच लागते.

‘नोंदी आगीत जळाल्या’ हे वाक्य कुळाचा शोध घेणाऱ्याने कधीही मुकाट मान्य करू नये. ब्रिटिशांच्या राज्यात तर मुळीच नाही. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. एक वही जळाली, तरी दुसरी कुठेतरी असते.

मर्लचं कोडं वडिलांच्या बाजूने कुणी सोडवू पाहिलं असतं, तर सुटलं नसतं. थॉमसन सगळीकडे थॉमसनच होता. सत्य आईच्या नावात होतं. आपल्याकडच्या किती वंशावळींत हे नाव असतं? बाप, मुलगा, नातू अशी ओळ सरळ खाली उतरते, आणि बायका कंसातसुद्धा सापडत नाहीत. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्या पाहा किंवा घरातला जुना कागद पाहा, पणजीचं माहेरचं आडनाव शोधताना दम लागतो. तुमच्या घरात आजी असेल, तर तिला तिच्या आईचं नाव विचारा, आईच्या आईचं विचारा, त्यांची गावं आणि माहेरची आडनावं विचारा, आणि वंशावळीत पुरुषांच्याच मापाच्या अक्षरांत ती लिहून ठेवा.