फॉल्टी टॉवर्समधली बाजूची माणसं

सहा भाग १९७५ साली, सहा भाग १९७९ साली. बीबीसीची 'फॉल्टी टॉवर्स' ही मालिका एवढ्यातच संपली. तरीही २००० साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने ब्रिटनच्या शंभर उत्तम टीव्ही कार्यक्रमांची यादी केली, तेव्हा पहिलं नाव हिचंच होतं. टॉर्की या समुद्रकाठच्या गावातलं एक छोटं हॉटेल आणि पाहुण्यांवर डाफरणारा त्याचा मालक बॅझिल फॉल्टी सगळ्यांना आठवतो. मला मात्र पुन्हा पुन्हा थक्क करतात ती त्याच्या अवतीभवतीची माणसं. त्यांतल्या काहींना सबंध भागात पाच-सहा वाक्यंसुद्धा नसतात, आणि गोष्ट वळते ती नेमकी त्यांच्यापाशी.

मेजर गोवेनचंच बघा. बॅलर्ड बर्कली या नटाने साकारलेला हा निवृत्त लष्करी म्हातारा हॉटेलात कायमचाच राहतो. त्याचं लक्ष वर्तमानपत्र, क्रिकेटचे निकाल आणि बार कधी उघडतो याकडे. 'कम्युनिकेशन प्रॉब्लेम्स' या भागात बॅझिल रेसमध्ये ७५ पाउंड जिंकतो. बायकोने, सिबिलने, त्याला जुगाराची सक्त बंदी केलेली. म्हणून तो पैसे मेजरकडे ठेवायला देतो, आणि मेजर विसरून जातो. इतक्यात मिसेस रिचर्ड्स या पाहुण्या बाईंचे पैसे हरवतात आणि जिंकलेल्या पैशांवरच संशयाची सावली पडते. बॅझिलला साक्षीदार हवा असतो. वेटर मॅन्युएलला सगळं ठाऊक आहे. पण 'तुला त्या घोड्याबद्दल काही माहीत नाही' असं बॅझिलनेच त्याच्याकडून घोकून घेतलेलं. आता बॅझिल खरं सांग म्हणून विनवतो, तर मॅन्युएल अभिमानाने सांगतो की मला काहीच माहीत नाही! बिचाऱ्याला वाटतं, आपण हुकूम चोख पाळला.

शेवटी सगळं निभावल्यासारखं होतं. बॅझिलच्या हातात बाईंची महागडी फुलदाणी असते, चेहऱ्यावर कधी नव्हे तो आनंद असतो, आणि नेमकं तेव्हा सिबिलच्या देखत मेजरला आठवतं, की अरे हो, घोड्यावर जिंकलेले ते पैसे तुम्ही माझ्याकडेच तर दिले होते! फुलदाणी खाली पडते, फुटते. मेजरच्या विसरण्याने बॅझिल अडचणीत आला आणि मेजरच्या आठवण्याने बुडाला. मेजर मात्र दोन्ही वेळा तितकाच निरागस. बबन प्रभूंचे फार्स पाहिलेल्या प्रेक्षकांना ही घट्ट वीण लगेच ओळखू येईल.

मिसेस रिचर्ड्स बाईसुद्धा तशाच पक्क्या. त्यांना ऐकू येत नाही. कानाला यंत्र आहे, पण बॅटरी संपेल म्हणून त्या ते बंदच ठेवतात. मग बॅझिल आवाज न काढता नुसते ओठ हलवतो. बाई यंत्राचा आवाज वाढवतात, तसा तो ओरडतो. जोन सँडरसन या अभिनेत्रीने ही भूमिका एकाच भागात केली, पण त्यांच्या करारी चेहऱ्यापुढे बॅझिल साकारणाऱ्या जॉन क्लीजसारख्या उंचापुऱ्या नटालाही दबून वागावं लागतं, हे पाहण्यासारखं आहे.

ही वीण घालणारे दोघे होते, क्लीज आणि त्यांची पहिली पत्नी कॉनी बूथ. मालिकेतली हुशार वेट्रेस पॉलीही बूथच. कल्पनेचं मूळ १९७० सालचं. क्लीज ज्यांत होते त्या माँटी पायथन या विनोदी मंडळींचा मुक्काम टॉर्कीच्या ग्लेनईगल्स हॉटेलात होता. मालक डोनाल्ड सिंक्लेअर हे नौदलातले निवृत्त अधिकारी. मूळचा अमेरिकन असलेला टेरी गिलियम काटा-सुरी ब्रिटिश रीतीने धरत नाही म्हणून त्यांनी त्याला टोकलं. एरिक आयडलची बॅग आत टिकटिक करत होती. ते घड्याळ होतं, पण बॉम्बच्या भीतीने सिंक्लेअरनी ती बाहेर भिंतीपलीकडे नेऊन ठेवली. बाकीच्यांनी वैतागून हॉटेल बदललं. क्लीज थांबले, आणि बघत राहिले. त्यावर बेतलेली पहिली संहिता वाचणाऱ्या बीबीसीच्या एका अधिकाऱ्याने ती अगदी टाकाऊ ठरवली होती!

मॅन्युएल हा बार्सिलोनाचा स्पॅनिश वेटर. तो रंगवणारे अँड्र्यू सॅक्स बर्लिनमध्ये जन्मले. वडील ज्यू असल्यामुळे १९३८ साली कुटुंबाला जर्मनी सोडावी लागली. स्पॅनिश उच्चार जमतील की नाही या शंकेने त्यांनी वेटर जर्मन केला तर चालेल का, असं विचारलंही होतं. स्पेनमध्ये मालिका दाखवताना तर मॅन्युएलला चक्क इटालियन करून टाकलं.

'द जर्मन्स' या भागात मेजर आणि मॅन्युएल यांच्यातला प्रसंग माझा सर्वांत लाडका. काउंटरवर मूस या मोठ्या हरणाचं भुसा भरलेलं डोकं ठेवलेलं आहे. मॅन्युएल काउंटरमागे दिसेनासा वाकून इंग्रजीचा सराव करतो आहे. मेजर येतो, त्याला वाटतं हे डोकंच बोलतंय. त्याला धक्का वगैरे बसत नाही, तो अदबीने त्या प्राण्याशी गप्पा मारतो. बोलणारा प्राणी भेटला तर वागायचं कसं, याचीही जणू त्याच्या पलटणीत शिकवण मिळाली असावी. भागाच्या शेवटी ते डोकं खाली पडून बॅझिल आडवा होतो, तेव्हा मेजर त्या हरणालाच दटावतो.

त्याच भागात मेजर ओव्हल मैदानावर एका बाईंना भारताचा सामना दाखवायला नेल्याची आठवण सांगतो, आणि भारतीय खेळाडूंविषयी वर्णद्वेषी शब्द वापरतो. २०१३ सालच्या पुनर्प्रसारणात बीबीसीने ती वाक्यं गाळली. २०२० साली तर एका वाहिनीने हा भागच काही काळ काढून घेतला. क्लीज यांचं म्हणणं, थट्टा मेजरच्या बुरसटलेपणाची आहे. मला ते पटतं, तरी ते शब्द कानाला बोचतात. आणि बोचणं खरंच आहे, कारण साम्राज्य सरलेलं न कळलेला तो म्हातारा तसाच बोलला असता.

ऑड्रीही विसरता येत नाही. सिबिल तासन्तास फोनवर हिच्याशीच बोलते, आपल्याला मात्र सिबिलचे हुंकार तेवढे ऐकू येतात. बारा भागांत ऑड्री दिसते ती एकदाच, 'द ॲनिव्हर्सरी'मध्ये.

आणि मिस्टर लीमन! क्लीज यांनी लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात काम केलेल्या अँड्र्यू लीमन यांना विचारलं होतं, हॉटेलवाल्यांना सर्वांत अवघड काय जातं. उत्तर आलं, खोलीत मरण पावलेले पाहुणे. बाकीच्या पाहुण्यांच्या नजरेस न पडता त्यांना बाहेर काढायचं कसं? त्यावर १९७९ साली एक सबंध भाग उभा राहिला आणि त्यातल्या मृत पाहुण्याला लीमन हेच नाव मिळालं. सकाळी बॅझिल त्याच्या खोलीत न्याहारी घेऊन जातो, देशातल्या संपांबद्दल तक्रार करतो, उत्तर येत नाही म्हणून पाहुणा उर्मट आहे असं ठरवतो आणि निघून जातो. मग कपाटात दडवलेलं ते प्रेत, आणि त्याच्याशेजारी बेशुद्ध होऊन बंद झालेल्या वृद्ध पाहुण्या मिस टिब्ज! लीमन झालेल्या डेरेक रॉयल या नटाला त्या भागात जिवंतपणी जेमतेम दोन-चार वाक्यं आहेत. उरलेला सगळा वेळ तो इकडून तिकडे ओढला जातो, टोपलीत कोंबला जातो, आणि एकदाही पापणी हलू देत नाही.