यादीत बसणारे औषध

औषधाच्या दुकानात पॅन्टोप्राझोल मागितले की दुकानदार विचारतो, कुठल्या कंपनीचे देऊ? व्यवस्थित चालणाऱ्या रुग्णालयाच्या भांडारात हा प्रश्नच येत नाही. तिथे कोणती औषधे ठेवायची, कोणत्या ताकदीची, गोळी की इंजेक्शन, हे आधीच ठरलेले असते. बाजारात हजारो ब्रँड असले तरी रुग्णालयाची यादी काहीशे औषधांत आटोपते. या यादीला फॉर्म्युलरी म्हणतात; सरकारी दवाखान्यांत तिचे नाव ईडीएल, म्हणजे अत्यावश्यक औषधांची यादी. रुग्णाला ती सहसा कोणी दाखवत नाही, पण त्याचे बिल आणि त्याची सुरक्षितता या दोन्हींवर तिचा थेट परिणाम होतो.

यादी ठरवते औषध समिती. फिजिशियन, सर्जन, बालरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, मुख्य फार्मासिस्ट, मेट्रन आणि हिशेबाचा एक माणूस अशी तिची साधारण घडण. नव्या औषधासाठी डॉक्टरला अर्ज करावा लागतो, आणि समिती कशी आहे हे त्या अर्जावरूनच कळते. चांगल्या अर्जात ब्रँडचे नाव चालत नाही, मूळ रसायनाचे नाव लिहावे लागते. या आजारावर यादीत आज काय आहे? ते कुठे कमी पडते? पूर्ण कोर्सचा खर्च किती? हे आले तर जुने कोणते काढायचे? आणि शेवटी, औषध बनवणाऱ्या कंपनीकडून अर्जदाराला मानधन, प्रवासखर्च किंवा आणखी काही मिळाले आहे का? या शेवटच्या रकान्यावर सही करताना बरेच अर्ज मागे घेतले जातील, असे मला वाटते. म्हणूनच तो रकाना हवा.

इतकी काटछाट कशासाठी, असे एखादा तरुण डॉक्टर विचारेल. उत्तर वॉर्डात मिळते. पोटॅशियम क्लोराईडची दहा मिलिलिटरची ॲम्प्यूल घ्या. आतले द्रव पाण्यासारखे स्वच्छ. शेजारी डिस्टिल्ड वॉटरची ॲम्प्यूल ठेवली तर रात्री दोन वाजता, एका सिस्टरवर चाळीस खाटा असताना, हात चुकू शकतो. पातळ न करता हे थेट शिरेत गेले तर हृदय बंद पडते. म्हणून जिथे समिती जागरूक आहे, तिथे ही ॲम्प्यूल साध्या वॉर्डातून उचलून अतिदक्षता विभागात कुलपात ठेवतात, तिच्यावर लाल लेबल लावतात आणि देताना दोघांनी तपासायचे असा नियम करतात. नाव किंवा वेष्टन सारखे असलेली औषधे वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवायची हेही समितीच सांगते. दर्जासाठी दिले जाणारे एनएबीएच मानांकन हवे असलेल्या रुग्णालयाला हे सारे लेखी दाखवावे लागते. एकाच औषधाच्या सहा ताकदी आणि आठ ब्रँड वॉर्डात आले तर अशा चुकांच्या वाटाही तितक्याच वाढतात.

छोट्या यादीची कल्पना आपल्याकडे उसनी आलेली नाही. जयसुखलाल हाथी समितीने 1975 मध्येच देशाच्या बहुतेक गरजा शंभरावर औषधांत भागतात असे मांडले होते. जागतिक आरोग्य संघटनेची पहिली नमुना यादी आली ती 1977 मध्ये. भारताची राष्ट्रीय यादी 1996 पासून आहे आणि 2022 च्या आवृत्तीत 384 औषधे आहेत. त्या वेळी 34 नवी घेतली आणि 26 काढली. काढलेल्यांत रॅनिटिडीन होते, घरोघरी ॲसिडिटीवर घेतली जाणारी गोळी. तिच्यात एनडीएमए नावाचा, कर्करोगाची शक्यता वाढवणारा घटक सापडल्याचे 2019 मध्ये जगभर गाजले होते. नवे घेण्यापेक्षा जुने काढणे अवघड असते, कारण जुन्याची सवय डॉक्टरलाही असते आणि रुग्णालाही.

अँटिबायोटिक्सच्या बाबतीत समितीचा हात आणखी घट्ट असावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 पासून त्यांचे तीन गट केले आहेत. अमॉक्सिसिलिनसारखी पहिल्या फळीची औषधे कोणीही लिहावीत. सेफ्ट्रायॲक्झोनसारखी जपून वापरावीत. कोलिस्टिन, लिनेझोलिड ही राखीव. राखीव गटातले लिहायचे असेल तर अनेक रुग्णालयांत वरिष्ठांची सही लागते आणि कल्चरचा रिपोर्ट पाहिला जातो. काही डॉक्टरांना हा आपल्या अधिकारावरचा घाला वाटतो. मला तसे वाटत नाही. राखीव औषध आज उगाच खर्ची पडले, तर उद्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाला ते लागू पडेलच असे नाही.

पैशाचा हिशेब तर डोळे दिपवणारा आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमधील 23 केंद्रांनी 40 औषधांची खरेदी एकत्र करायची ठरवली. प्रत्येकाने आपापली मागणी सांगितली, यादी एक केली आणि कंपन्यांशी वाटाघाटी एकत्रच केल्या. बचत सुमारे 82 टक्के. गोळ्या-इंजेक्शने तीच राहिली, भाव तेवढा उतरला. यादी समान असल्याशिवाय असा सौदा जमत नाही.

पण भाव पाडला म्हणजे काम झाले नाही, हे महाराष्ट्राने फार महाग शिकून घेतले आहे. 1986 च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले निघाले. मूत्रपिंडे निकामी होऊन 14 रुग्ण गेले. ग्लिसरॉल यादीत असणे चूक नव्हते. त्या बाटलीत ग्लिसरॉल आहे की नाही हे कोणी नीट पाहिले नाही. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंतची सगळी ढिलाई उघडी पाडली.

या दोन्ही धड्यांचे उत्तर तमिळनाडूने त्याच्या पुढच्या दशकात शोधले. 1994 मध्ये तिथे वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन झाले. निविदा एकच, यादी एकच, गोदामे जिल्ह्याजिल्ह्यांत. येणाऱ्या बॅचचा नमुना काढून त्यावरचे कंपनीचे नाव झाकतात, त्याला सांकेतिक क्रमांक देतात आणि प्रयोगशाळेचा निकाल आल्यावरच माल बाहेर जातो. प्रत्येक रुग्णालयाला बँकेसारखे पासबुक मिळते. वर्षाची रक्कम त्यात असते आणि औषध उचलले की ती वजा होते. म्हणजे कोणती औषधे किती घ्यायची हे रुग्णालयच ठरवते. अडीनडीसाठी थोडा निधी स्थानिक खरेदीला ठेवतात.

महाराष्ट्रात खरेदीचे काम 2017 मध्ये हाफकिन महामंडळाकडे गेले आणि 2023 च्या कायद्याने त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण आले. संस्था बदलत राहिल्या. तालुक्याच्या दवाखान्यातल्या फार्मासिस्टला मात्र एकच गोष्ट हवी असते: इंडेंट पाठवल्यावर माल वेळेवर यावा आणि तो एक्स्पायरी तोंडावर आलेला नसावा. आधी मुदत संपणारे आधी द्यायचे हा त्याचा रोजचा नियम. जे संपले तर जीव जाईल ते कधीच शून्यावर येऊ द्यायचे नाही, हा दुसरा. सर्पदंशावरचे इंजेक्शन आणि जुलाबाची गोळी या दोन्हींच्या साठ्याला एकच माप लावता येत नाही, आणि पावसाळ्याच्या तोंडावर तर मुळीच नाही.

15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. तरीही ‘हे बाहेरून आणा’ म्हणून दिलेली चिठ्ठी संपलेली नाही. माझ्या दृष्टीने यादी चालते की नाही याचा खरा पुरावा तीच चिठ्ठी आहे. रुग्णाचा मुलगा अर्धा कागद घेऊन फाटकासमोरच्या दुकानात जातो, पैसे देतो, औषध आणतो, आणि त्या कागदाची नोंद कुठेच राहत नाही. औषध यादीत असून संपले होते, की यादीतच नव्हते, की यादीतला पर्याय असताना डॉक्टरने सवयीने दुसरे लिहिले, हे समितीला कधी कळतच नाही. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यासाठी गोदामाला जाब विचारायचा, दुसऱ्यासाठी यादी तपासायची, तिसऱ्यासाठी डॉक्टरशी बोलायचे.

यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. बाहेरची चिठ्ठी छापील, क्रमांकाची असावी, तिची कार्बन प्रत भांडारात राहावी आणि महिन्याच्या अखेरीस सगळ्या प्रती समितीच्या टेबलावर याव्यात. औषधाचे नाव, वॉर्ड, तारीख आणि कारण एवढे चार रकाने त्यावर पुरतात. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत लोकप्रतिनिधी बसतात. त्यांनी दर वेळी आधी हा गठ्ठा मागावा. आणि रुग्णालयाची यादी फलकावर लावावी, म्हणजे रांगेतला माणूसही विचारू शकेल: हे औषध तर इथे आहे ना?