मुक्या जनावराची साक्ष



समजा, तुमच्या मामांकडे पंधरा शेळ्या आहेत. संध्याकाळी सगळ्या शेळ्या चरून गोठ्यात आल्या, तेव्हा ठणठणीत होत्या. सकाळी मामा पाहतात, तर तीन शेळ्या मरून पडलेल्या! एक शेजारी म्हणतो, "साप चावला असेल." दुसरा म्हणतो, "कोणीतरी विष घातले." तिसरा म्हणतो, "साथ आली आहे. उरलेल्या आजच बाजारात विकून टाका."

मामांनी कोणाचे ऐकावे? मेलेल्या तीन शेळ्या तर परत येणार नाहीत. पण बारा शेळ्या अजून जिवंत आहेत. चाऱ्यात विषारी झाडपाला आला असेल, तर चारा बदलायला हवा. आंत्रविषार असेल, तर त्यावर लस आहे. पीपीआर नावाचा साथीचा रोग असेल, तर आजारी शेळ्या ताबडतोब वेगळ्या करायला हव्यात. आणि घाईघाईने शेळ्या विकल्या, तर तो रोग बाजारातून दहा गावांत जाईल. म्हणजे मृत्यूचे खरे कारण कळले, तरच पुढचा उपाय बरोबर ठरेल.

हे कारण शोधून काढणाऱ्या शास्त्राला पशुविकृतिशास्त्र म्हणतात. 'विकृती' म्हणजे शरीरात रोगामुळे झालेला बिघाड. माणसांच्या रोगांच्या अशा शास्त्राला उर्दूत आपण 'इल्मुल-अमराज' म्हणतो आणि इंग्रजीत 'पॅथॉलॉजी'. जनावरांच्या बाबतीत हेच काम करणारा तज्ज्ञ म्हणजे पशुविकृतिशास्त्रज्ञ. तो नेमके काय करतो आणि त्यासाठी कोणते शिक्षण घ्यावे लागते, हे आपण या पाठात पाहू.

जनावर मेले, की या तज्ज्ञाचे काम सुरू होते. मात्र लगेच सुरी हातात घ्यायची नसते. आधी मालकाला प्रश्न विचारायचे. जनावराने काल काय खाल्ले? पाणी कुठले प्यायले? लस कधी टोचली? शेजारच्या गोठ्यात कोणी आजारी आहे का? जनावर मुके असते; त्याच्या वतीने मालकच बोलतो. महाराष्ट्रातील खेड्यात हा मालक बहुधा मराठीतच बोलणार. तो "शेळी हागवणीने गेली" म्हणाला किंवा "नाकातून फेस आला होता" म्हणाला, तर ते शब्द आपल्याला कळले पाहिजेत. त्याचा एक शब्द चुकीचा समजला, तर तपासाची दिशाच चुकते. म्हणून आपण शिकतो ती मराठी केवळ परीक्षेपुरती नाही, हे लक्षात ठेवा.

त्यानंतर शवविच्छेदन करतात, म्हणजे मृत शरीर उघडून आतले अवयव क्रमाने तपासतात. हे काम लवकर व्हावे लागते. मृत्यूनंतर थोड्याच तासांत शरीर आपोआप सडू लागते आणि रोगाच्या खुणा पुसल्या जातात. उन्हाळ्यात तर हे फारच वेगाने घडते.

पण प्रत्येक मृत जनावर उघडायचे नसते, हा या शास्त्राचा फार महत्त्वाचा नियम आहे. जनावर अचानक मेले असेल, नाकातोंडातून न गोठणारे काळपट रक्त येत असेल, तर काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्सची शंका घेतात. या रोगाचे जंतू हवेशी संबंध आला, की टणक कवच धारण करतात आणि मातीत कितीतरी वर्षे टिकून राहतात. ते माणसालाही आजारी पाडतात. म्हणून अशा वेळी शव न उघडता कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन तोच तपासतात. कधी शोधायचे याइतकेच कधी हात लावायचा नाही, हेही विद्यार्थ्याला शिकावे लागते.

शवविच्छेदनात जे दिसते, ते लिहून ठेवतात. "यकृत खराब झाले आहे" असे लिहून चालत नाही. "यकृत सुजलेले, कडा बोथट, रंग पिवळसर, पृष्ठभागावर मोहरीएवढे पांढरे ठिपके" असे लिहावे लागते. आधी वर्णन, मग रोगाचे नाव. ज्याने नाव आधी ठरवले, त्याला मग तेवढेच दिसते आणि बाकीचे दिसत नाही.

डोळ्यांना जे दिसत नाही, त्यासाठी सूक्ष्मदर्शक आहे. अवयवाचा लहानसा तुकडा दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, म्हणजे तो सडत नाही. मग अल्कोहोलच्या साहाय्याने त्यातील पाणी काढून तो पॅराफिन मेणात बसवतात. मायक्रोटोम नावाच्या यंत्राने त्या मेणाचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप घेतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आता विचार करा, तो काप किती पातळ असेल! हा काप काचपट्टीवर घेऊन रंगवतात. पेशींची केंद्रके निळी-जांभळी दिसतात आणि भोवतालचा भाग गुलाबी. निरोगी अवयवाचे चित्र ज्याच्या मनात पक्के बसले आहे, त्यालाच बिघाड ओळखता येतो. जंतूंची तपासणी करायची असेल, तर मात्र नमुना फॉर्मॅलिनमध्ये टाकून चालत नाही, कारण फॉर्मॅलिनने जंतूही मरतात. तो बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवावा लागतो.

या शास्त्राचा उपयोग किती दूरवर पोहोचतो, हे गिधाडांच्या उदाहरणावरून कळेल. गिधाडे मेलेली जनावरे खाऊन परिसर स्वच्छ ठेवतात. एके काळी भारतात ती मोठ्या संख्येने होती. १९९०नंतरच्या दशकात ती झपाट्याने कमी होऊ लागली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ विभु प्रकाश यांनी राजस्थानातील भरतपूरच्या अभयारण्यात ही घट नोंदवली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे इतकी घटली, की हजारांतून जेमतेम एक उरले.

कारण काय असावे? सुरुवातीला अनेकांना वाटले, हा एखादा नवा विषाणू असेल. पाकिस्तानातील पंजाबमध्ये अमेरिकेचे पशुवैद्यक संशोधक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या गिधाडांची शवविच्छेदने केली. अनेक गिधाडांच्या हृदयावर, यकृतावर आणि मूत्रपिंडांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर होता. तो थर युरिक आम्लाचा होता. पक्ष्याची मूत्रपिंडे बंद पडली, की हे आम्ल बाहेर न जाता अवयवांवर साचते. म्हणजे मूत्रपिंडे निकामी करणारे काहीतरी त्यांच्या शरीरात जात होते. संशोधकांनी विषाणू तपासले, जिवाणू तपासले, कीटकनाशके आणि जड धातूही तपासले. काहीच सापडले नाही.

मग त्यांनी वेगळा प्रश्न विचारला. गिधाडे खातात काय? गुरे. या गुरांना मरण्यापूर्वी कोणती औषधे दिली जातात? औषधविक्रेत्यांकडे चौकशी केली, तेव्हा डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध पुढे आले. असा पांढरा थर असलेली पंचवीस गिधाडे तपासली. पंचवीसही गिधाडांच्या मूत्रपिंडांत हे औषध सापडले. इतर कारणांनी मेलेली तेरा गिधाडे तपासली. त्यांतील एकातही ते नव्हते. २००४ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. २००६ साली भारत, पाकिस्तान आणि नेपाळ या देशांनी जनावरांसाठी डायक्लोफेनॅक वापरण्यावर बंदी घातली. त्याऐवजी गिधाडांना अपाय न करणारे मेलॉक्सिकॅम हे औषध सुचवण्यात आले. पुढे २०२३ साली भारतात केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक या औषधांच्या जनावरांसाठीच्या वापरावरही बंदी आली. आजही गिधाडांची संख्या पूर्वीसारखी झालेली नाही. पण ती का मेली हे कळलेच नसते, तर त्यांना वाचवण्याचा रस्ताही सापडला नसता.

आता आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण पाहा. फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या. कोंबड्यांना राणीखेत नावाचा जुना रोग होतो, आणि बर्ड फ्लू हा दुसरा रोगही होतो. दोन्ही रोगांत कोंबड्या भराभर मरतात आणि बाहेरून दिसणारी लक्षणे बरीच सारखी असतात. पण बर्ड फ्लूचा विषाणू माणसाच्याही जिवावर उठू शकतो. भोपाळच्या अतिसुरक्षित प्रयोगशाळेत नमुने तपासले, तेव्हा तो बर्ड फ्लू असल्याचे नक्की झाले. भारतातील कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळण्याची ही पहिलीच वेळ होती. साथ पसरू नये म्हणून त्या भागातील लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि कुक्कुटपालकांचे फार नुकसान झाले. प्रयोगशाळेच्या अहवालातील एका शब्दावर किती घरांची भाकरी आणि किती माणसांचे आरोग्य अवलंबून असते, हे यावरून समजते. म्हणून तो शब्द लिहिणाऱ्याला ना घाई चालते, ना कोणाची भीड.

हे शिक्षण कसे घ्यायचे? दहावीनंतर विज्ञान शाखेत जावे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत. नंतर नीट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. २०१८पासून नीटची प्रश्नपत्रिका उर्दूतही मिळते, मराठीतही मिळते. पुढे पशुवैद्यकाचा पदवी अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असतो. त्यात शेवटचे एक वर्ष प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेण्याचे असते. हे शिक्षण इंग्रजीतून होते. म्हणून विज्ञानातील इंग्रजी संज्ञा आजपासूनच उर्दू संज्ञांच्या शेजारी वहीत लिहीत जा. पुढे त्या नव्या वाटणार नाहीत.

महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. मुंबईतील परळचे महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले. ही सर्व महाविद्यालये आता नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली आहेत. हे विद्यापीठ २००० साली स्थापन झाले.

पदवी मिळाली, की तुम्ही पशुवैद्यक झालात. पशुविकृतिशास्त्राचे तज्ज्ञ व्हायचे असेल, तर त्यापुढे दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करावा लागतो. या दोन वर्षांत विद्यार्थी शवविच्छेदन करतो, शेकडो काचपट्ट्या वाचतो, रक्ततपासणी शिकतो, गाठी कर्करोगाच्या आहेत की साध्या हे ओळखायला शिकतो. शेवटी एखाद्या प्रश्नावर स्वतः संशोधन करून प्रबंध लिहितो. संशोधनातच राहायचे असेल, तर पुढे आणखी किमान तीन वर्षे पीएच.डी.साठी द्यावी लागतात. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेतर्फे पदव्युत्तर जागांसाठी देशपातळीवर प्रवेश परीक्षा होते. त्यात वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण होणाऱ्यांना शिष्यवृत्तीही मिळते. त्यामुळे घरची परिस्थिती बेताची असली, तरी केवळ तेवढ्यावरून ही वाट बंद समजू नका.

या शिक्षणासाठी देशातील एक नामवंत संस्था म्हणजे उत्तर प्रदेशातील इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था. तिचा जन्म मात्र १८८९ साली आपल्या पुण्यात झाला. घातक जंतूंवर दाट वस्तीत काम करणे धोक्याचे म्हणून १८९३ साली ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलवली आणि पुढे इज्जतनगरला तिची शाखा निघाली. त्या काळी बुळकांडी हा गुरांचा सर्वांत भयंकर रोग होता. या रोगावरच्या लशीचे मोठे काम मुक्तेश्वरला झाले. २०११ साली बुळकांडी संपूर्ण जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर जगातून कायमचा गेलेला हा दुसराच रोग.

हे शिकलेल्यांना महाविद्यालयात शिकवता येते, लस आणि औषधे तयार करणाऱ्या संस्थांत काम करता येते, प्राणिसंग्रहालयात आणि जंगलातील प्राण्यांच्या रोगांवरही काम मिळते. पुण्यात औंध येथे राज्य शासनाची पशुरोग तपासणी प्रयोगशाळा आहे. अशा प्रयोगशाळांना या तज्ज्ञांची गरज असते. मुलींनाही हे क्षेत्र तितकेच खुले आहे. काम सोपे नाही. दुर्गंधी सहन करावी लागते, कपडे खराब होतात, तासन्‌तास सूक्ष्मदर्शकाजवळ बसावे लागते. आणि ज्या जनावराला आपण तपासतो, ते बरे होऊन घरी जाताना कधीच दिसत नाही. फायदा होतो तो गोठ्यात उरलेल्या इतर जनावरांना आणि त्यांच्या मालकांना.

यातले थोडे काम तुम्ही आजही करू शकता. शाळेच्या प्रयोगशाळेत कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी पाहाल, तेव्हा पुस्तकातली आकृती उतरवू नका; डोळ्यांना जे दिसते, तेच काढा. सुट्टीत जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन डॉक्टरांशी बोला. आणि घरातली किंवा शेजारची कोंबडी, शेळी, म्हैस अचानक मेली, तर तिला स्वतः उघडू नका, ओढ्यात किंवा उकिरड्यावरही टाकू नका. मालकाला दवाखान्यात कळवायला सांगा. ती काल काय खात होती, कशी वागत होती, हे आठवून एका कागदावर लिहून ठेवा. डॉक्टर आले, की पहिला प्रश्न तेच विचारतील.