संग्रहित संकेतस्थळे आणि मेटाडेटाची प्रमाणके : शहागडच्या संदर्भात

प्राचीन मराठी ग्रंथांच्या अभ्यासात पोथीच्या अखेरच्या नोंदीला विशेष महत्त्व असते. पैठणच्या एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे शोधन केले आणि शके १५०६ (इ. स. १५८४) हा त्याचा काळ ग्रंथाच्या अखेरीस नोंदविला गेला. अशा नोंदीमुळेच पाठांची परंपरा तपासणे शक्य होते. संकेतस्थळाची जतन केलेली प्रत हीदेखील एक प्रतच असून मेटाडेटा, म्हणजे सामग्रीविषयीची सामग्री, ही तिची पुष्पिका होय.

या नोंदींची दोन प्रमाणके मुख्य आहेत. २००९ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरलेल्या ‘वॉर्क’ या संचिका-स्वरूपात पृष्ठाचा पत्ता, ते टिपल्याची वेळ आणि आशय अबाधित असल्याची खूण नोंदविता येते. १९९५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातील डब्लिन येथे आरंभ झालेल्या ‘डब्लिन कोअर’मध्ये कर्ता, दिनांक, भाषा, मूळ स्रोत, स्थलकालव्याप्ती इत्यादी १५ घटक आहेत. पहिले प्रमाणक प्रत कशी मिळाली ते सांगते. दुसरे ती कशाची आहे ते सांगते.

दोहोंची गरज का, हे गोदाकाठच्या शहागडच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. आज जालना जिल्ह्यात असलेला अंबड तालुका १ मे १९८१ पूर्वी औरंगाबाद जिल्ह्यात होता. १९५६ पूर्वी हा प्रदेश हैदराबाद राज्यात मोडत असे. एखाद्या संग्रहित पृष्ठावर ‘शहागड, जिल्हा औरंगाबाद’ असे आढळल्यास ती चूक समजावी की जुन्या ग्रंथातील उतारा? टिपल्याची वेळ येथे उत्तर देत नाही. मूळ स्रोत व त्याचा काळ स्वतंत्रपणे नोंदविलेला असावा लागतो. शिवाय याच नावाची गावे अन्य राज्यांतही असल्याने तालुका व जिल्हा यांवाचून शोध भरकटतो. मूळ पाठात मात्र दुरुस्ती करू नये. आजचे प्रशासकीय स्थान वर्णनात द्यावे.

मराठीपुरता आणखी एक प्रश्न आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या अनेक पृष्ठांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या संकेतस्थानी बसविलेली असत. टंकाचे नाव नोंदविले नसेल, तर प्रत सुरक्षित राहूनही मजकूर अर्थहीन चिन्हांचा पुंज ठरण्याचा संभव असतो.

तात्पर्य, संकेतस्थळ साठविणे म्हणजे त्याचे जतन करणे नव्हे. प्रत कोणाची, कोठली व केव्हाची हे सांगता आले, तरच ती संशोधनात पुरावा म्हणून उभी राहू शकते.